सागाचा टक, आंब्याचा धप

सागाला चकती लागली की 'टक' असा आवाज येतो. कोरडा. बोटात अंगठी असलेल्या माणसाने दार वाजवावं तसा. आंब्याला लागली तर 'धप', आणि त्या धपमध्ये एक जडपणा असतो, गोणी टाकल्यासारखा. शेवगा आवाज करतच नाही म्हटलं तरी चालेल. आतून पोकळच असल्यासारखा फुसकन गिळतो. गिरिपुष्पाची खोडं मनगटाएवढी आणि एकमेकांना खेटून, त्यामुळे चकती एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी कॅरमच्या सोंगटीसारखी टिक-टिक-टुक करत खाली येते. चिकूची पानं इतकी दाट की तो तिला अलगद झेलतो आणि जराशाने सरळ खाली सोडतो. आणि बांबूच्या बेटात गेली तर आधी खडखडाट होतो, मग शांतता. ती शांतता वाईट. ती ऐकली की काठी शोधायला लागायचं.

ही माहिती मी कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही. चार वर्षं दर रविवारी सकाळी ही सगळी झाडं चुकवण्याचा मनापासून प्रयत्न केला, त्यातून ती जमा झाली आहे.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, 'डिस्क' म्हणतो. मावशी 'थाळी' म्हणते. मी मधला, म्हणून 'चकती'. लोकांना सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे थाळीफेक?' नाही. थाळीफेकीत लांब फेकायचं असतं. इथे गोल्फसारखं एका ठरलेल्या जागेवरून फेकायचं, चकती जिथे पडेल तिथे जाऊन पुन्हा फेकायचं, आणि कमीत कमी फेकींत तिला शेवटी टोपलीत घालायचं. चेंडूऐवजी चकती, भोकाऐवजी साखळ्या लावलेली टोपली, आणि येरवड्याच्या गोल्फ क्लबात लागतं तसलं हिरवंगार कुरण वगैरे काही नाही. उलट झाडं जितकी अडचणीची, तितकी मजा.

आमची जागा पुण्यात एनडीए रस्त्यावर, शिवणे-उत्तमनगर मागे टाकून कोंढवे-धावड्याच्या अलीकडे एका बोळातून आत. मावशीच्या सासऱ्यांनी कधीकाळी घेतलेली अडीच एकराची वाडी. घेतली तेव्हा घरचे म्हणाले होते, 'एवढ्या लांब कोण मरायला जाणार?' आता कुंपणापलीकडे बारा मजली इमारत उभी आहे आणि तिच्या गॅलऱ्यांत उभं राहून लोक चहा पितापिता आमचा खेळ बघतात. तिसऱ्या मजल्यावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा आहे. चकती झाडाला लागली की तो जोरात ओरडतो, 'आउट!' या खेळात झाडाला लागल्याने कुणी आउट होत नाही, हे आम्ही त्याला दोनदा समजावलं. त्याला ते पटलेलं नाही.

दादा नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं अमेरिकेत होता. तिथे त्याला हा नाद लागला. परत येताना बॅगेत कपडे कमी आणि चकत्या जास्त. पहिल्याच रविवारी त्याने वाडीभर हिंडून नऊ जागा ठरवल्या आणि काकांकडे परवानगी मागायला गेला. काकांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता दोन अटी घातल्या. 'झाडाला खिळा ठोकायचा नाही. आणि वाटेत आली म्हणून फांदी तोडायची नाही.' दादा हसला. मला वाटलं हा आता वाद घालणार. पण तो म्हणाला, 'बाबा, दुसरी अट खेळाच्या नियमातच आहे.'

ती खरंच आहे. चकती झुडपात जाऊन पडली तर तिथून फेकताना उभं कसं राहायचं, याचा नियम असा की अडथळा कमीत कमी हलेल अशीच बैठक घ्यायची. फांदी हाताने मागे ओढून धरायची नाही, मोडायची तर नाहीच. तुमचा हात फिरायला जागा नसेल तर गुडघ्यावर बसा, डाव्या हाताने फेका, काय वाटेल ते करा. झाड तुमच्या आधी तिथे होतं. खिळ्याचा प्रश्न आम्ही गोणपाटाने सोडवला. आठ झाडांच्या खोडाला छातीच्या उंचीवर वीतभर रुंदीची गोणपाटाची पट्टी सुतळीने बांधली आहे. पट्टीला चकती लागली की झालं. दर पावसाळ्यानंतर सुतळी सैल करून पुन्हा बांधायची, नाहीतर खोड जाड होतं आणि ती सालीत रुतते. हे काकांनी सांगितलं. आमच्या डोक्यात आलं नसतं.

कुणाला वाटेल, साखळ्यांच्या टोपल्या परवडत नाहीत म्हणून केलेली ही गरिबाची तडजोड. तर तसं नाही. खेळाचा जन्मच असा झाला आहे. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत पोरं बागेत हे खेळायची तेव्हा निशाण म्हणजे झाड, विजेचा खांब, कचऱ्याचा डबा, जे समोर असेल ते. पुढे एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने त्याला शिस्त लावली. हा माणूस व्हॅम-ओ कंपनीत होता, म्हणजे ज्या कंपनीने १९५७ साली फ्रेड मॉरिसनची प्लास्टिकची उडती तबकडी विकायला घेतली आणि तिचं नाव पुढे फ्रिस्बी केलं, त्या कंपनीत. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिला कायमचा कोर्स आखला. पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली. आणि झाडाला लागली की नाही यावरून होणारी रोजची भांडणं मिटवायला साखळ्यांची टोपली काढली. तिचं पेटंट १९७७ चं. साखळीला लागली की चकतीचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते, शिवाय खण्ण वाजतं, म्हणजे लांबून सगळ्यांना कळतं. हेड्रिक २००२ मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या ओतल्या.

हे दादाने जेवताना सांगितलं तेव्हा मावशीचा घास हातात राहिला. 'म्हणजे आळंदीला इंद्रायणीत सोडायच्या ऐवजी झाडावर आपटतात?' थोडा वेळ गेला. मग काकांकडे बघून म्हणाली, 'यांना चालेल.'

टोपली एकच आहे आमच्याकडे, नवव्या गलीला. हो, आम्ही 'होल' म्हणत नाही, 'गल' म्हणतो. गोट्या खेळताना मातीत टाचेने गर्रकन फिरवून केलेली ती गल, तिच्यात गोटी घालण्याची जी तडफड असायची तीच इथे आहे, तर वेगळा शब्द कशाला? एका फेकीत गल साधली तर एक्का. ठरवून केलं नाही, चार-सहा रविवारांत तोंडात बसलं. एक पाहुणा मात्र 'तिसऱ्या गलीत या' ऐकून कुंपणाबाहेरच्या गल्लीत जाऊन उभा राहिला होता.

तर टोपली. विकत घ्यायची म्हणजे परदेशातून मागवणं आलं, म्हणून ठरलं की घरीच करायची. एका बुधवारी ऑफिसला दांडी मारून मी जुन्या बाजारात गेलो. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या या गावात सायकलची रिम मिळायला अडचण यायची नाही, असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. फडक्यावर मांडलेल्या नळाच्या तोट्या, एकेकटे बूट आणि टीव्हीचे रिमोट यांच्यात गंजलेल्या रिमांचा ढीग होता. दोन घेतल्या, एक साखळ्या टांगायला, एक खालच्या टोपलीसाठी. तिथून बोहरी आळी.

'साखळी दाखवा.'

'कुत्रा केवढा आहे?'

'कुत्र्यासाठी नाही.'

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'म्हैस?'

'नाही, एका खेळासाठी. पस्तीस फूट लागेल.'

पस्तीस फूट ऐकल्यावर त्यांनी हातातली पावती बाजूला ठेवली. मग मला सगळं सांगावं लागलं: टोपली, चकती, झाडं, रिम. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानेही ऐकून घेतलं आणि 'एवढं करण्यापेक्षा कॅरम काय वाईट?' अशी सूचना केली. दुकानदार मात्र आता कामाला लागले होते. त्यांनी तीन जाडीच्या साखळ्या काढल्या, एकेक हातात धरून हवेत झटकली. पहिली जाड, नुसती ठक्क करून गप्प झाली. दुसरी बारीक, चांदीच्या पैंजणासारखी किणकिणली. तिसरी झटकली तर खळ्ळकन वाजली आणि वाजून झाल्यावरही क्षणभर सळसळत राहिली. 'ही घ्या,' ते म्हणाले. 'ही सांगेल.' काय सांगेल, हे त्यांनी सांगितलं नाही. पण आज नवव्या गलीवर चकती पडते तेव्हा ती साखळी खरोखरच सांगते, आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगते.

मजा अशी की सुरुवातीला मी स्वतःसाठी चकती घ्यायला एका खेळाच्या दुकानात गेलो होतो, तिथेही मला कुत्र्यांसाठीची फ्रिस्बीच काढून दिली होती. या खेळाचं आणि कुत्र्याचं काय आहे कोण जाणे. वाडीवरचा कुत्रा मात्र चकतीकडे ढुंकून बघत नाही.

आता चकत्यांबद्दल थोडं, कारण बाहेरून त्या सगळ्या सारख्या दिसतात. अल्टिमेट फ्रिस्बीची ती मोठी १७५ ग्रॅमची चकती वेगळी. या लहान असतात, जड वाटतात, आणि कड धारदार. वर चार आकडे छापलेले: वेग, तरंगणं, सुरुवातीला उजवीकडे किती जाईल, शेवटी डावीकडे किती वळेल. डावं-उजवं हे उजव्या हाताने हात छातीवरून आडवा ओढून फेकणाऱ्याचं. असं फेकलं की वरून बघताना चकती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, आणि वेग ओसरला की हटकून डावीकडे कलते. का, तर हवा तिला जिथून उचलून धरते ती जागा तेव्हा बरोबर मध्यावर नसते, जरा पुढच्या अंगाला असते. न फिरणारी थाळी असती तर नाक वर करून उलथली असती. पण फिरणाऱ्या वस्तूचं गणित तिरपागडं. पुढून ढोसाल तर बाजूला कलते. फिरत्या भोवऱ्याला बोट लावून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भोवरा मरायला आला की झोकांड्या देतो, तशीच चकतीही शेवटी डावीकडे झोकांडी देते. फरक इतकाच की चकतीच्या झोकांडीचा हिशेब आधी करता येतो. सगळा खेळ त्या हिशेबाचा आहे.

आणि इथेच आमच्या वाडीची गोम आहे. मोठ्या कोर्सवर एकेक गल शंभर-दीडशे मीटरची असते. आमच्या नऊ मिळून चारशे मीटर भरत नाहीत. सगळ्यांत छोटी सव्वीस, सगळ्यांत लांब एकसष्ट. दादाने मला पहिल्यांदा वाडी दाखवली तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर पोरखेळ. तेव्हा मी नुकता ड्रायव्हर नावाच्या वेगवान चकतीच्या प्रेमात पडलो होतो, वेग बारा. ती घेऊन सव्वीस मीटरच्या गलीवर उभं राहणं म्हणजे तुळशीबागेतून बुलेट काढणं. पहिल्या दिवशी नऊ गलींना मी एकोणपन्नास फेकी घेतल्या. प्रत्येक गल तीनात यावी असा हिशेब, म्हणजे सत्तावीस व्हायला हव्यात. त्या एकोणपन्नासांत एक फेक कुंपणाबाहेर, एक विहिरीच्या कठड्यावरून विहिरीत, आणि एक मोटरघराच्या पत्र्यावर. पत्र्यावरची अजून वरच आहे.

मावशीने तिच्या पहिल्या डावात चौतीस घेतल्या. तिच्याकडे एकच चकती, सगळ्यांत संथ, पटर. तिला कुणी शिकवलं नाही. दादा हाताची पकड, खांदा, कंबर वगैरे समजावायला लागला तर तिने त्याला थांबवलं. 'पानं वाटते तशी फेकते मी,' म्हणाली. मेंढीकोट खेळताना समोरच्याच्या पुढ्यात पान नेमकं जाऊन पडावं म्हणून मनगटाला जो झटका देतात, तो. हात जवळजवळ हलतच नाही. चकती कमरेच्या उंचीवरून सरळ जाते, दोन सागांच्या मधून, कुणाला धक्का न लावता, आणि गोणपाटाच्या आसपास कुठेतरी बसते. मी तिच्यापेक्षा दुप्पट लांब फेकतो. त्याचा या वाडीत मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही.

तिसरी गल ही माझी खास दुश्मन. बांधावर सागांची रांग आहे, सतरा साग, आणि निशाण त्यांच्या पलीकडच्या चिंचेवर. सागांमधल्या फटी लांबून बघितल्या तर दाराएवढ्या वाटतात. फेकायला उभं राहिलं की त्या मिटतात. दादाचं म्हणणं, फटीकडे बघ, झाडाकडे बघू नकोस. शहाणा सल्ला आहे. पण सतरा माणसं ओळीने उभी असताना त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे कोण बघतं? मी पहिल्या वर्षी त्यातल्या सहाव्या सागाला इतक्यांदा मारलं की त्याच्या सालीत गुलाबी, नारिंगी असे प्लास्टिकचे ओरखडे उठले आहेत. त्या ओरखड्यांकडे बघत उभा असतानाच मला एकदा लक्षात आलं की हा साग आहे. म्हणजे, इतकी वर्षं वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर फिरायला जातो, पण माझ्या लेखी ती सगळी 'झाडी' होती. सागाचं कोवळं पान बोटांत चुरगाळलं की बोटं लाल होतात, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही हरवलेली चकती शोधताना. टेकडीवर जे सगळीकडे माजलंय ते गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेचं, वनीकरणात लावलेलं, हे नंतर. त्याला उंदीरमारी का म्हणतात, हे काकांनी सांगितलं: त्याच्या बिया-साली उंदरांना विषारी. 'आणि तुझी चकतीसुद्धा मरते त्यात,' ही पुस्ती त्यांची.

चकती शोधणं हा या खेळाचा निम्मा वेळ खातो, आणि त्याचं ऋतूंप्रमाणे वेगळं शास्त्र आहे. नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात, मग ती हरवली असं धरायचं. आमच्याकडे तीन मिनिटांत मावशीचा चष्माही सापडत नाही, म्हणून आम्ही चहा होईपर्यंतची मुदत ठेवली आहे. पावसाळ्यात गवत कमरेला येतं आणि हिरवी चकती घेतलेल्या माणसाला कुणी मदत करत नाही. गणपती झाले की त्या गवताला कुसळं धरतात. मोजे काढून ओट्यावर बसायचं आणि एकेक उपटायचं, गप्पांना बरं पडतं. थंडीनंतर सागाची पानगळ. हे सगळ्यांत फसवं. ताटाएवढी वाळकी पानं, चकती जमिनीला टेकून घसरते आणि तीन-चार पानांखाली जाऊन बसते, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा नुसतं बघून उपयोग नाही, ऐकायचं. वाळक्या पानांवर चकती पडते तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि घसरते तेव्हा तो लांबत जातो. कुठून कुठपर्यंत लांबला, हे कान सांगतात. बांबूच्या बेटात मात्र हात घालायचा नाही, आधी काठीने ढोसायचं. तिथे एकदा घोणस निघाली होती. तिने आमच्याकडे आणि आम्ही तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी नारिंगी चकती आम्ही तिला देऊन टाकली.

भारद्वाज दिसला तर मावशी त्या दिवशी फेकण्याआधी थांबते, तो उडून जाईपर्यंत. शुभ असतो म्हणते. त्या फेकीला तिची चकती नीट गेली तर भारद्वाजाचं, चुकली तर वाऱ्याचं.

या सगळ्यात सहावी गल आमची शान होती. चव्वेचाळीस मीटरवर जांभूळ, आणि बरोबर मध्ये काकांच्या वडिलांनी लावलेला रायवळ आंबा. त्याची एक फांदी, फांदी कसली, दुसरं खोडच, जमिनीला समांतर अशी बाहेर आलेली, हत्तीने सोंड लांब करावी तशी. सरळ मार्ग तिने बंद केलेला. उजवीकडे सागांची दुसरी रांग. दोन्हींच्या मध्ये पसरलेल्या दोन हातांएवढी फट. चकती त्या फटीतून उजवीकडे घालायची, आणि आंबा ओलांडल्यावर तिने वेग सोडून डावीकडे झोकांडी द्यायची, जांभळापाशी. ताकद जास्त झाली तर ती वळतच नाही, सरळ जाऊन सागाला टक. कमी झाली तर लवकर वळते, आंब्याला धप. टक आणि धप यांच्या मधली ती एक शांत फेक मला चार वर्षांत नऊ-दहा वेळा साधली असेल. त्यातल्या प्रत्येकीची तारीख नाही, पण त्या दिवशी काय घातलं होतं ते आठवतं.

मागच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. दुपारी चार वाजता अंधारून आलं, अर्धा तास वारा, गारा, आणि रात्री मावशीचा फोन. आंब्याची ती फांदी खोडापासून फाटून खाली आली होती. रविवारी गेलो तर ती अजून तशीच पडलेली, पानं हिरवीच, आणि सगळीकडे कैऱ्या. सहा-सात पोती भरतील एवढ्या. काका खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसले होते. आम्ही त्या दिवशी खेळलो नाही, कैऱ्या वेचल्या. मावशीने लोणचं घातलं, साखरांबा केला, तरी उरल्या. मग इमारतीच्या फाटकावर टोपली ठेवून आली, ज्याला हव्या त्याने न्याव्या म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चार घेऊन गेला. पहिल्यांदाच त्याला जवळून पाहिलं. दात पडले होते पुढचे.

पंधरा दिवसांनी लाकूड नेलं आणि सहावी गल मोकळी झाली. समोर सरळ जांभूळ. गोणपाटाची पट्टी लांबून स्पष्ट दिसायची. पहिल्या रविवारी आम्ही सगळे खूश. दोनात गल, दोनात गल. दुसऱ्या रविवारी कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या रविवारी मी मावशीसारखी पानं वाटल्यागत संथ चकती घेतली, सरळ सोडली, आणि ती पट्टीच्या बरोबर मध्यावर जाऊन लागली. जांभळाचा आवाज मऊ असतो, फळ्यावर डस्टर आपटल्यासारखा. आयुष्यातला माझा पहिला एक्का. मी उडी मारली. मी एकट्यानेच मारली.

एक्के लिहायची आमची जागा म्हणजे मोटरघराची भिंत. कोळशाने नाव आणि गलीचा आकडा. दादाचे तीन, मावशीचे दोन, एका पाहुण्याचा एक, जो त्याने डोळे मिटून मारला होता असा संशय आहे. मी कोळसा घेऊन भिंतीपाशी गेलो तर काका मागून आले. ते खेळत नाहीत, चार वर्षांत एकदाही चकती हातात घेतलेली नाही. पण सगळं बघत असतात.

'काय लिहितोयस?'

'एक्का, काका. सहावी.'

'सहावी कुठे राहिलीय आता?' ते म्हणाले. 'तो पडला म्हणून तुला मिळाला. त्याचा आहे तो.'

दादा म्हणाला, 'बाबा, नियमात असं काही नाही. फेकली, लागली, एक्का.' मावशी म्हणाली, 'लिहू दे रे त्याला, एवढा आनंदाने आलाय.' मी कोळसा हातात धरून उभा. खरं सांगायचं तर काका बोलेपर्यंत मला काही वाटलं नव्हतं, आणि बोलल्यावर ते नाकारता येईना. कितीतरी रविवार मी त्या फांदीवर धपाधप आपटलो होतो, आणि ती नसताना मारलेली फेक माझ्या नावावर लिहायची म्हणजे मास्तर सुट्टीवर असताना पाठ म्हणून दाखवल्यासारखं. शेवटी मी लिहिलं: 'आंबा – १'. काकांनी वाचलं, मान हलवली आणि मोटर चालू करायला आत गेले. भिंतीवर अजून आहे ते, दादाच्या तिनांच्या खाली.

त्यानंतर सहावी बदलली. दादा आणि मी एक अख्खा रविवार तिथे फिरत होतो. फेकायची जागा मागे न्यावी की बाजूला, निशाण जांभूळच ठेवावं की उंबर करावा. उंबराच्या खोडालाच फळं लागतात, पट्टी बांधायला काका नको म्हणाले. दादा मोबाईलवर रेघा ओढत होता. मावशी विहिरीकडून कपडे घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, 'करंजाच्या मागून फेका की.' तो करंज आम्ही इतकी वर्षं पाहिलाच नव्हता. म्हणजे होता, ओट्याच्या उजव्या अंगाला, त्याच्या सावलीत आम्ही चपला काढायचो. त्याच्या मागून उभं राहिलं तर जांभूळ अर्धं झाकलं जातं, आणि आंब्याच्या उरलेल्या खोडाला वळसा घालून जावं लागतं. फट साधारण दीड हात.

परवाच्या रविवारी पहिल्यांदा तिथून खेळलो. दादाची फेक आंब्याच्या खोडाला, धप, तो आवाज ऐकून बरं वाटलं. मग मी. उजवीकडे सोडायची म्हणून हात लांब घेतला, आणि तीन पावलांवरच्या करंजालाच चकती लागून पायाशी परत आली.

'आउट!' वरून आरोळी.

आवाज कसा होता ते मी आठवायचा प्रयत्न करत होतो. टक नव्हता, धपही नव्हता. मध्येच काहीतरी, 'ढ'च्या जवळपासचं, पण ओलसर. मी मावशीला विचारलं, तुला कसा वाटला?

'पुन्हा फेक,' मावशी म्हणाली. 'नीट ऐकू नाही आलं.'